जोतं

हडर्सफील्डला सपाट जमीन मिळत नाही.
टेबलावरचा कपसुद्धा इथे
दरीकडे बघत बसतो.
हे ठाऊक असून दिगंबरनं फोनवर सांगून टाकलं,
हो, हो, जागा तयार आहे.
आठ बाय सहाची शेड, छप्पर एकीकडे उतरतं,
खिडकी एकच, दाराला आतून-बाहेरून कडी.
तीन आठवड्यांनी, मंगळवारी, लॉरी येणार.

पैसे भरून झाल्यावर आम्ही जागा बघायला गेलो,
म्हणजे मागच्या दारातून सोळा पावलं.
घर पाहावं बांधून, असं म्हणतात.
शेडबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली.
इकडे तीन फूट, तिकडे चार,
तिरकं पाच भरलं की कोपरा सरळ.
हे त्याला वडिलांनी शिकवलेलं, कराडला,
शाळेनं शिकवायच्या आधी.
गुण्या, ओळंबा, पाणसळ, धुमस...
एकतीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभ्या माणसाच्या तोंडून
शब्द सुटे होऊन पडत होते
आणि मी त्यातलं घरात असेल ते
आणून त्याच्या हातात देत होते.
धुमस नव्हता. ओंडक्याला दांडा ठोकला.

भिंतीपासून दीड फूट सोडायचं,
रंगाचा ब्रश आणि एक बारीक माणूस जाईल इतकं.
आपल्यात बारीक कोण, मी विचारलं.
तो पाणसळीत डोळा घालून वाकलेला.
"आठ फुटांत अकरा इंच उतार,"
कुणाची तरी साखर सांगावी तसा म्हणाला.

वरच्या अंगाला खणायला घेतलं.
दुसऱ्या शनिवारी फावडं टणकन वाजलं:
काँक्रीटची ढेकळं, कोळशाची खंगर,
आणि ॲल्युमिनियमचं एक वाळं,
माझ्या करंगळीच्या नखावर अडकेल एवढं,
वर झिजलेले आकडे.
मग आणखी चार.

भिंतीपलीकडून डोरीन, तोंडात कपड्यांचे चिमटे:
तिथे फ्रँकचा कबुतरखाना होता.
तुमच्या आधीच्यांच्याही आधी.
तो गेल्यावर पाखरं बार्न्स्लीच्या एकाला दिली,
खुराडं जाळून टाकलं.
त्या माणसानं जरा लवकर सोडली असतील.
दोन परत आली.
दोन दिवस फिरत होती,
बरोब्बर तेवढ्याच हवेवरून, इकडून तिकडे.
"मग?" दिगंबरनं विचारलं.
"मग काय. पाऊस आला. मी कपडे आत घेतले."

वाळी त्यानं नळाखाली धुतली,
गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरली, झाकण लावलं.
बोलला काहीच नाही.
नंतर नुसती खडी.
बाजूचं फाटक अरुंद, ढकलगाडीच्या चौतीस खेपा;
सोळाव्या खेपेनंतर मी मोजायची नाही असं ठरवलं होतं.
फरशा बारा.
अकरा निमूट बसल्या.
बारावी खालून कुणी ढोसावं तशी डुगडुगत राहिली,
एक अख्खी संध्याकाळ, चिमूटभर वाळू घाल, काढ,
हिरव्या पाण्यातला तो बुडबुडा
मधल्या दोन रेघांत येऊन थांबेपर्यंत.

शेड कशासाठी, हे आम्ही अजून
एकमेकांना सांगितलेलं नाही.
त्याच्या मनात रंधा असावा.
माझ्या मनात आतली कडी.

सोमवारी रात्री दोन खुर्च्या नेऊन टाकल्या.
गुडघ्याला गुडघे लागले.
"एवढीशीच?"
"जोतं लहानच दिसतं," तो म्हणाला,
"भिंती चढल्या की वाढतं."
कप फरशीवर ठेवला.
चहा कडेला चारी बाजूंनी सारखा.
मी उगाच वर पाहिलं.

उद्या पाऊस आहे म्हणतात.
आणि पावतीवर खाली, बारीक अक्षरांत:
सामान फक्त रस्त्यापर्यंत.
तिथून पुढचं आपलं आपण.